भावजींचं झाड

९ एप्रिल १९६१, रविवार

मागच्या अंगणातल्या झाडाचा शेंडा दुभंगला आहे. महिनाभर तो नुसताच जाड दिसत होता. आज शिडी लावून वर चढलो तेव्हा नीट कळलं. एका खोडातून दोन डोकी निघाली आहेत आणि दोन्हींत कोवळं पान मिटलेल्या पंख्यासारखं उभं आहे. कीड असेल म्हणून बोटानं चाचपलं. कीड नाही. जमिनीपासून फाट्यापर्यंत खोड पाच फूट चार इंच भरलं. तीस वर्षं मोजणी खात्यात काढली, हातात फीत आली की अजून बरं वाटतं.

लक्ष्मी गेली त्याला येत्या चौदा तारखेला दोन वर्षं होतील. तोवर या झाडाला पाणी तीच घालायची. मी कधी धड पाहिलंही नव्हतं. आता रोज पाहतो, कारण उठल्यावर दुसरं कुठं जायचं नसतं. ही वही आशानं गंगापूरहून पाठवली आहे. लेकीनं आत लिहिलंय, 'बाबा, आता आई नाही. दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही तर निदान यात लिहीत जा.' पंचवीस दिवस ती कोरीच पडून होती. झाडामुळं उघडली.

११ एप्रिल

दुधाचा रतीब घालायला कडूबा आला होता. त्याला मागं नेऊन झाड दाखवलं. त्यानं चरवी खाली ठेवली आणि बराच वेळ वर पाहत राहिला.

"नाना, हे लक्षण बरं नाय. दोन डोक्याचा ताड म्या जल्मात पाह्यला नाय."

"ताड नाही हा. ताडाला काटे असे नसतात."

"मंग काय हाय?"

मला सांगता आलं नाही. तो म्हणाला, "घरात माणूस एकटं. उगं इषाची परीक्षा कशाला? उद्या कुऱ्हाड घिऊन येतो." मी बरं म्हणालो.

१२ एप्रिल

कडूबा खरंच कुऱ्हाड घेऊन आला. त्यानं धोतर खोचलं आणि मी त्याला थांबवलं.

"काहून?"

"आमची ही याला भावजींचं झाड म्हणायची."

"कोन भावजी?"

"माझ्या खात्यातला एक जण होता. फारूख. जाताना देऊन गेला. कराचीला असतो."

कडूबानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी का थांबवलं ते सांगणं अवघड आहे. एवढं वाढलेलं झाड तोडणं बरं नव्हे, एवढंच असावं.

६ मे

झाडाचं नाव शोधून काढायचं ठरवलं आहे. ज्या जमिनीवर उभे राहू तिचा सर्व्हे नंबर आम्हाला तोंडपाठ असायचा, आणि आपल्याच अंगणातल्या झाडाचं नाव माहीत नाही, हे बरोबर नाही.

काल छावणीच्या बाजूला जाऊन ताड पाहून आलो. ताडाचं पान मोठं, काळपट हिरवं. आमच्या झाडाचं लहान, राखाडी झाक असलेलं. ताडाच्या देठाच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. आमच्या झाडाला काळे, वाकडे काटे आहेत आणि त्यांची टोकं वरच्या दिशेला आहेत. शिंदी नाही, खजूर नाही, माड तर नाहीच. कॉलेजच्या ग्रंथालयात बसायची परवानगी मिळाली. वनस्पतींची इंग्रजी पुस्तकं आहेत, पण चित्रं कमी. ग्रंथपालानं विचारलं, "कुठल्या परीक्षेला बसताय का काका?" मी हसलो. त्यानंतर लक्षात आलं की आज दिवसभरात मी तेवढंच हसलो होतो.

१९ मे

उजव्या डोक्यातून तुरे बाहेर आले आहेत. उंदराच्या शेपटीएवढे जाड, तपकिरी, आणि त्यावर पिवळी बारीक फुलं. हात लावला की भुकटी पडते. मधमाश्या लोटल्या आहेत. सकाळचे दोन तास खुर्ची टाकून तिथंच बसलो. लक्ष्मी असती तर म्हणाली असती, आता तरी पाहिलंत.

फारूखला विचारलं असतं तर त्यानं एका ओळीत सांगितलं असतं. पण पत्ता नाही.

३० जून

ग्रंथपालानं पुण्याच्या एका प्राध्यापकांचं नाव सुचवलं. ताडामाडांच्या जातींवर त्यांचं काम आहे म्हणे. आज पान, देठाचा तुकडा आणि वाळलेला तुरा पुठ्ठ्यांत बांधून पाठवला. सोबत मापं दिली आणि फाट्याचं चित्र काढून दिलं. पोस्टातल्या कारकुनानं विचारलं, आत काय आहे? मी म्हणालो, झाड आहे. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

१५ जुलै

पुण्यात धरण फुटून मोठा पूर आला आहे. तीन दिवस पेपरात तेच चाललंय. हजारो लोकांची घरं गेली. आणि मला पहिला विचार आला तो माझ्या पुडक्याचा. या गोष्टीची लाज वाटली. दुसरा विचारही पुडक्याचाच आला.

२१ सप्टेंबर

उत्तर आलं. प्राध्यापकमहाशय सुखरूप आहेत, त्यांच्या खोलीत मात्र कमरेएवढं पाणी होतं. माझं पुडकं उंच फळीवर होतं म्हणून वाचलं.

पत्र चार वेळा वाचलं. झाड फार दुर्मीळ आहे. सगळ्या ताडवर्गात खोडाला अशा फांद्या फुटणारं कुळ जवळजवळ हे एकच. आपल्याकडं त्याला रावणताड म्हणतात आणि तो फक्त पश्चिम किनाऱ्यावर, दीव आणि सौराष्ट्राच्या अंगाला मोजका उरला आहे. एवढ्या आत, दख्खनच्या पठारावर कुणी तो वाढवल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. पण पुढं लिहिलंय की याचा एक सख्खा भाऊ अरबस्तान आणि मिसर देशात होतो. तिकडं त्याला दोम म्हणतात आणि तो तिथं बाभळीसारखा सर्रास आहे. दोघांतला फरक खात्रीनं सांगायचा तर फळ पाहावं लागतं. 'आपलं झाड नर आहे. त्याला फळ कधीच येणार नाही. तेव्हा बी मुळात कोठून आणलं, हे समजल्याशिवाय मी नाव देऊ शकत नाही. ज्यांनी बी रुजवलं त्यांना विचारून कळवावं.'

ज्यांनी बी रुजवलं त्यांना.

२४ सप्टेंबर

प्राध्यापकांना लिहिलं की बी देणारा माणूस देश सोडून गेला, संपर्क नाही. लिफाफा बंद केला. टाकला नाही.

खरं म्हणजे फारूखची धाकटी बहीण जमिला इथंच आहे. शहागंजात मुलींच्या उर्दू शाळेत शिकवते. तिच्याकडं पत्ता असणारच. गेल्या बारा-तेरा वर्षांत ती मला रस्त्यात तीन वेळा दिसली. तिन्ही वेळा मी सायकलवर होतो.

९ ऑक्टोबर

शाळेपर्यंत गेलो. फाटकाशी मुलींची गर्दी होती. उगाच बायकांच्या शाळेपुढं म्हाताऱ्यानं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून परत आलो.

१३ ऑक्टोबर

परत गेलो. आज गर्दी नव्हती. तरी परत आलो.

२२ ऑक्टोबर, रविवार

आज सरळ जमिलाच्या घरी गेलो. दारावरचा पडदा बाजूला करून ती बाहेर आली. केस पांढरे झालेत. मी नाव सांगायला तोंड उघडलं तोवर म्हणाली, "आवो ना नानासाब. बाहर कायकू खडे?"

फारूखचा तोच ओळखीचा दिवाणखाना. बसलो. तिनं सरबत आणलं. मी झाडाची सगळी हकीकत सांगितली, पुण्याचं पत्र दाखवलं. तिनं शांतपणे वाचलं. तिला मराठी चांगलं वाचता येतं.

"म्हणजे तुम्हाला भाईजानचा पत्ता पाहिजे."

"झाडापुरतं विचारायचं होतं."

"हौ, झाडापुरतं." तिनं पेटीतून एक पाकीट काढलं आणि पत्ता एका कागदावर उतरवून दिला. मग म्हणाली, "कराचीहून येणाऱ्या प्रत्येक खतात ते तुमचं विचारतात. नाना दिसतो का, सर्व्हिस संपली का, पोरीचं लगीन झालं का. मला जेवढं कानावर आलं तेवढं लिहिते."

मी विचारलं, "तब्येत कशी आहे त्याची?"

"डोळे गेल्यात जमा. पण लिहितात स्वतःच." थोडं थांबून म्हणाली, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. शेवटी म्हणाली, "हे मी नाही लिहिणार भाईजानला. तुम्ही लिहा. तुमच्याकडूनच कळू दे."

फारूख माझं का विचारत असेल? उपकाराची आठवण राहावी म्हणून असेल, असं वाटेत मनात आलं. मग वाटलं, तो तसा माणूस नव्हे.

२९ ऑक्टोबर

सकाळपासून पत्र लिहायला बसलो आहे. आधी उर्दूच हाताला येत नव्हती. एकेकाळी सगळं दप्तर उर्दूत लिहिलं, आता 'फारूख' लिहितानाही अक्षर हललं.

झाडाचे प्रश्न लिहून झाले. बी कुठलं, कधी लावलं, किती दिवसांनी उगवलं. पण त्याच्या आधी वहीत एक गोष्ट लिहायला हवी. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

अठ्ठेचाळीसच्या आषाढात शहरात रझाकारांचा जोर होता. आमचं घर वस्तीच्या टोकाला, आजूबाजूला मोकळी रानं. आशा सात वर्षांची होती. कुणी काही बोलायच्या आत फारूख आला, आमच्या ओट्यावर खुर्ची टाकली आणि चार दिवस तिथंच बसून राहिला. जेवण त्याच्या घरून यायचं. येणारे-जाणारे त्याला सलाम करत आणि पुढं जात. लक्ष्मी त्याला भावजी म्हणायला लागली ती तेव्हापासून.

भाद्रपदात फौजा आल्या आणि सगळं उलटं झालं. त्या दिवसांत खेड्यापाड्यांत त्याच्या लोकांचं काय झालं ते मी ऐकलं होतं. त्याला सस्पेंड केलं, चौकशी लागली. कोण कुणाच्या बाजूनं साक्ष देतो याची यादी होते आहे, असं कचेरीत बोलत. कुजबुज तरी तशी होती. माझं नाव तो साक्षीला देणार, असं मला एकानं सांगितलं.

दिवाळीनंतर एका दुपारी तो आला. मी जेवायला बसलो होतो, पहिलाच घास हातात होता. त्यानं बाहेरून "नाना" अशी हाक मारली. मी घास ताटात टाकला, उठलो आणि आतल्या खोलीत कणगीच्या मागं जाऊन उभा राहिलो. लक्ष्मीला हातानं खूण केली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग दारात जाऊन म्हणाली, "हे खुलताबादला गेलेत, मोजणीला." पुढं दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. ती परत आली तेव्हा तिच्या हातात रॉकेलचा उंच डबा होता आणि त्यात गवतासारखी चार पानं.

तिनं मला एक शब्द विचारला नाही. हात धुऊन मागं गेली आणि स्वतः खड्डा खणायला लागली. मी बसून उरलेलं जेवण केलं.

पौषात तो बायकोमुलांना घेऊन गेला. मी भेटलो नाही.

पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहिली: त्या दिवशी मी घरी होतो.

३१ ऑक्टोबर

पत्र टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज आला, तेव्हा हात आत घालून काढता आलं असतं तर काढलं असतं.

१८ नोव्हेंबर

काही नाही. डाव्या डोक्याला नवं पान. एक फूट अकरा इंच.

२० डिसेंबर

दीव, दमण आणि गोवा घेतलं. आमच्या उस्मानपुऱ्यात लोकांनी पेढे वाटले, मलाही आणून दिले. पेपरात दीवच्या किल्ल्याचा फोटो आहे. मी भिंग घेऊन पाहिला, मागं कुठं दोन डोक्यांची झाडं दिसतात का. शाईचे ठिपके दिसले.

कडूबा म्हणाला, "नाना, हल्ली तुमी पोस्टमनला लई इचारता. पेन्शनचं आडलं का?" मी म्हणालो, हो.

२७ जानेवारी १९६२

आलं.

पाकीट फोडलं नाही आधी. आंघोळ केली, मागं खुर्ची टाकली आणि मग उघडलं. चार पानं. अक्षर मोठं झालंय, ओळी खाली उतरतात, पण वळण तेच. आम्ही वीस वर्षं एकमेकांना 'तू' म्हणालो. पत्रातही 'तू' आहे. 

झाडाचं सगळं कळलं. मराठीत उतरवून ठेवतो:

'सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत मी चुलत भावाच्या लग्नाला सौराष्ट्रात उन्याला गेलो होतो. तिथून दीवच्या किनाऱ्यावर फिरायला नेलं. समुद्राकडच्या टेकाडावर ही झाडं होती, एकेकाला आठ-आठ डोकी. फळ गुळासारखं लागतं. मी पाच फळं आणली. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी पाच बिया पुरल्या. चार सडल्या. पाचवीचं मूळ आधी हातभर खाली गेलं आणि साडेचार महिन्यांनी वर पान दिसलं, म्हणून मी उंच डबा घेतला होता. आमच्या अंगणात खाली खडक. मी जाणार हे ठरलं तेव्हा वाटलं, तुझी जमीन मऊ आहे. मी आलो तेव्हा वहिनींच्या हाताला पीठ होतं. तरी त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला. आत पाटापुढं ताट वाढलेलं होतं, भाकरी मोडलेली होती. जेवणाची वेळ, म्हणून मी बसलो नाही. त्यांना एवढंच सांगितलं की मूळ तोडू नका, डब्याचा तळ कापून तसाच खड्ड्यात उतरवा. झाड जगलं म्हणजे त्यांनी तसंच केलं.'

म्हणजे अरबस्तानातलं नाही. आपलंच आहे, दीवचं. रावणताड.

शेवटी माझ्या त्या ओळीबद्दल लिहिलंय: 'तू लिहितोस की त्या दिवशी तू घरी होतास. नाना, वय झालं तुझं. तू खुलताबादला गेला होतास, मोजणीला. मला पक्कं आठवतं. साक्षीचं म्हणशील तर त्यासाठी मी तुझ्याकडं येणारच नव्हतो. तुला लहान लेकरू होतं. वहिनींना सलाम सांग.'

२८ जानेवारी

पुण्याला पत्र लिहिलं. बी दीवच्या किनाऱ्यावरचं, आणणारे आणि रुजवणारे मोहम्मद फारूख, माजी सर्व्हेअर, जपून वाढवणाऱ्या लक्ष्मीबाई. माझं नाव पत्ता म्हणून घातलं.

काम झालं तरी चैन नाही. तेरा वर्षं जे धरून ठेवलं होतं ते मी त्याच्यापुढं ठेवलं आणि तो म्हणतो असं काही झालंच नाही. त्याला आठवत नाही. डोळे गेले तशी आठवणही गेली असणार. मग हे आता कुणाला सांगायचं? लक्ष्मी नाही. ज्याला सांगायचं तो मानत नाही. तुरुंगाच्या दाराशी जाऊन उभं राहावं आणि शिपायानं म्हणावं, तुमच्या नावाची नोंद नाही, घरी जा, तसं झालंय.

४ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून कार्ड आलं. नाव नक्की केलं आहे. मार्चमध्ये स्वतः झाड पाहायला येतो म्हणतात.

ते कार्ड आणि फारूखचं पत्र घेऊन जमिलाकडं गेलो. तिनं कार्ड वाचून "मुबारक" म्हटलं. मग पत्र वाचायला घेतलं. मी पडद्याकडं पाहत बसलो.

वाचून झाल्यावर म्हणाली, "नानासाब, तोंड का उतरलं तुमचं? इतकं चांगलं खत आहे."

मी तिला सगळं सांगितलं. कणगीमागं उभा राहिलो तेही.

"आणि त्याला आठवतच नाही," मी म्हणालो. "मी खुलताबादला होतो म्हणतो."

"तुम्हाला काय पाहिजे होतं? काय लिहिलं असतं म्हणजे बरं वाटलं असतं?"

मी म्हणालो, "तू आत होतास हे मला माहीत होतं. एवढं."

"ते तर लिहिलंय."

"कुठं?"

तिनं तिसरं पान माझ्यापुढं ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. ताट वाढलेलं होतं, भाकरी मोडलेली होती.

"माणूस खुलताबादला, तर हे ताट कुणाचं, नानासाब? वहिनी तुमच्याआधी जेवायच्या का कधी?"

आठ दिवसांत मी ती ओळ वीस वेळा तरी वाचली असेल.

जमिला म्हणाली, "भाईजान काहीच विसरत नाहीत. पण वहिनी झूठ बोलल्या, असं ते मरेपर्यंत म्हणायचे नाहीत. त्यांनी वहिनींची बात ठेवली. तुम्हीबी आता ठेवा." पत्र घडी करून तिनं माझ्या हातात दिलं. "त्यांना कळवलं का, वहिनींचं?"

मी मान हलवली. कळवलं नव्हतं. ऑक्टोबरात तिनं बजावून सांगितलं होतं. झाडाचे अकरा प्रश्न लिहिले, माझी एक ओळ लिहिली, आणि लक्ष्मी गेल्याचं लिहायचं राहून गेलं. त्यानं तिला सलाम पाठवला आहे आणि मी तो आठ दिवस खिशात घालून फिरतो आहे.

घरी आल्यावर लगेच कागद घेतला. 'फारूख, तुझं पत्र मिळालं' एवढं लिहून झालं आहे. पुढची ओळ लक्ष्मीची. ती लिहितो आणि मगच जेवतो.